वाकडी पायघडी

सोमवारी सकाळी जिन्याखालच्या पत्रपेट्यांशेजारी एक कागद चिकटवलेला दिसला, आणि दुपारपर्यंत अख्ख्या घराची तोंडं पडली. कागदात लिहिलं होतं की एकोणीसशे एकतीस साली बांधलेलं हे सामुदायिक घर तळ्याच्या दिशेनं चाळीस सेंटिमीटर घसरलं आहे. मूळ नकाशात तळ्याकडची भिंत सरळ आहे, आज ती मध्यभागी पुढं आली आहे. सबब घर धोकादायक. जतन करायच्या इमारतींच्या यादीत ते घेऊ नये, रहिवाशांना गावाबाहेर नव्या इमारतींत हलवावं आणि हे पाडावं. शुक्रवारी समिती स्वतः येऊन शेवटचा निर्णय देणार होती. खाली अव्देयेव नावाच्या इंजिनिअरची सही.

"घसरलं म्हणे!" नील प्रोखोरोविच जिन्यातच ओरडला. हा कारखान्यातला जुना क्रेनवाला, वय ऐंशी, आवाज अजून क्रेनवरूनच मारल्यासारखा. "पुरावा काय, तर प्लास्टरला तडे! अरे, तडे माझ्या कपाळावरही आहेत. मी कुठं घसरलोय?"

"तू रोज संध्याकाळी घसरतोस," ग्लाफिरा सावेल्येव्ना म्हणाली. पण तिलाही हसू आलं नाही.

तिचा जन्मच या घरातला, दुसऱ्या मजल्यावरच्या सतरा नंबरच्या खोलीतला, आणि आता ती चौऱ्याहत्तर वर्षांची. आमच्या या घराला लोक परगावाहून बघायला येतात, हे आधी सांगून टाकलेलं बरं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खिडक्यांचा अखंड पट्टा, वर कवायतीसाठी सपाट छत, आणि खोल्यांत स्वयंपाकघर म्हणून नाहीच! बायका चुलीपासून सुटाव्यात, सगळ्यांनी खाली एकत्र जेवावं, असा ही घरं आखणाऱ्या त्या काळच्या पोरांचा हट्ट. बायका काही सुटल्या नाहीत, त्यांनी कपाटात शेगड्या बसवल्या, तो भाग वेगळा. पण विचार केवढा मोठा होता! उरल डोंगरांतल्या या कारखान्याच्या गावात, चिखलातून उठून कुणीतरी असं घर बांधलं, याचा इथल्या माणसाला गर्व आहे. त्यात लाजायचं काय?

ग्लाफिराच्या गर्वाला मात्र आणखी एक कारण होतं. ती चिंध्यांच्या पायघड्या विणायची. तिच्या पायघडीच्या कडेला पट्टी लावून बघा, सुताइतकाही फरक सापडायचा नाही. शेजारच्या मोठ्या शहरातला तिखोन झाखारोविच, ज्यानं पाइपांच्या धंद्यात बक्कळ कमावलं आणि आता माणसांच्या हातच्या वस्तू जमवायचा नाद लावून घेतलाय, त्याच्याकडे मातीची भांडी, काच, लेस, लोखंडकाम आणि नव्या पोरांची चित्रं यांच्या जोडीला ग्लाफिराच्या अकरा पायघड्या होत्या. या शनिवारी तो आपलं संग्रहालय उघडणार होता. जुन्या कारखान्याचा एक लांबलचक हॉल त्यानं त्यासाठी घेतला होता.

त्या हॉलमध्ये ग्लाफिराच्या आईची, फेव्रोन्याची, एक पायघडी होती. अठ्ठेचाळीस मीटरची, सलग, एक मीटर रुंद. दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजसाठी विणलेली. चौऱ्याहत्तर साली पॅसेजमध्ये लिनोलियमचं आच्छादन आलं तेव्हा ग्लाफिरानंच ती गुंडाळून तळघरात टाकली होती. गेल्या शरदात तिखोनची नजर त्या गुंडाळीवर पडली, त्यानं मागितली आणि हिनं देऊन टाकली. खरं सांगायचं तर डोळ्यांसमोरून गेली म्हणून तिला बरंच वाटलं होतं.

मंगळवारी त्याचाच फोन आला.

"ग्लाफिरा सावेल्येव्ना, तुमच्या आईची पायघडी आमच्या भिंतीवर चढायला निघालीय!"

"म्हणजे?"

"म्हणजे दारापाशी भिंतीला अगदी धरून अंथरायला सुरुवात केली. हॉल सरळ, फरशी सरळ. पण शेवटाला पोचेस्तोवर ती दीड मीटर बाजूला! आमच्या जतन विभागाच्या बाई म्हणतात, सहा तुकडे करून टांगू, वाकडेपणा कुणाला दिसणार नाही. तुमची परवानगी लागेल."

ग्लाफिराचे कान तापले. पंचेचाळीस वर्षं तळघरात लपवलेली गोष्ट आता शहरातल्या लोकांसमोर उघडी पडली होती. "कापा," ती म्हणाली. "ती वाकडीच आहे. मला माहितीय." आणि फोन ठेवला.

माहीत होतंच तिला. आपल्याकडे पायघड्या बर्फात धुतात, हे काही सांगायला नको. कडाक्याच्या थंडीत कोरडा बर्फ पडला की सगळ्या बायका पायघड्या अंगणात नेतात, पालथ्या घालतात, वेताच्या छड्यांनी बडवतात. फेव्रोन्याची पायघडी न्यायला दहा जणी लागायच्या. पॅसेजमध्ये ती गुमान पडलेली असायची, पण अंगणातल्या पांढऱ्या बर्फावर पसरली की स्पष्ट दिसायचं : थोडी सरळ जाऊन मग एका बाजूला कलत कलत निघालेली. दर वर्षी तोच हशा. "फेव्रोन्या, तुझी पायघडी ढोसून आलीय गं! धरा तिला, तळ्यात जाईल!"

ग्लाफिरा एकोणीस वर्षांची होती, नुकतीच माग शिकली होती, आणि शिंगं फुटली होती. सगळ्या बायकांसमोर तिनं आईला विचारलं, "आई, तुझा हात कापत होता का विणताना?"

"हाताला काय झालंय? पायघडी घराला विचारून विणायची असते गं. घर जसं, तशी ती."

"हो का! नाचता येईना, अंगण वाकडं!"

बायका पोट धरधरून हसल्या. फेव्रोन्यानं लेकीकडे एकदा बघितलं, छडी उचलली आणि बडवत राहिली. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं ती जगली, पण त्या पायघडीबद्दल एक अक्षर बोलली नाही. आणि ग्लाफिरानं जन्मभर काठोकाठ सरळ विणलं. का, ते आता सांगायला नको.

फोन ठेवून तिनं चहा ओतला, तोच नील दारात उभा. "ग्लाफिरा, तुझी मागाची लांब दोरी दे. तो अव्देयेव काय मोजतो ते आपणही मोजू. यंत्रं त्याच्याकडे असतील, डोळे आपल्याकडेही आहेत."

दोघांनी पॅसेजमध्ये तळ्याकडच्या भिंतीला धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली. नील गुडघे मोडत खाली बसला आणि भिंत न् दोरी यांतलं अंतर मोजत पुढं सरकू लागला. मध्यावर आल्यावर तो तिथंच फतकल मारून बसला.

"चाळीस," तो म्हणाला. त्याचा आवाज एवढा बारीक तिनं कधी ऐकला नव्हता. "खरं बोलतोय गं तो मेला. घर गेलंय पुढं."

ग्लाफिरा दोरीकडे बघत होती. सुरुवातीला भिंत सरळ होती, तिसऱ्या दारापर्यंत. ते दुन्या शेजारणीचं दार, तिला जाऊनही पन्नास वर्षं झाली. तिथून भिंत दोरीपासून हळूहळू सुटत होती.

दुन्याचं दार!

एकतीस साली नवी बिऱ्हाडं खेड्यांतून राहायला आली तेव्हा फेव्रोन्यानं चोवीस खोल्यांतून जुने कपडे मागून आणले होते. कुणी परकर दिला, कुणी नवऱ्याचा सदरा, कुणी लग्नातली शाल. ज्या दारातून ज्या चिंध्या आल्या, त्या दारासमोर त्याच रंगाचे पट्टे येतील असं तिनं विणलं. लहानपणी ग्लाफिरा बाहेरून खेळून आली की पायाखालचा रंग बघूनच कुणाच्या दारात आहोत ते ओळखायची. दुन्याचा पट्टा लालभडक होता. आणि बर्फावर ती पायघडी कुठं वळायची? लाल पट्ट्याशी! दर वर्षी, अगदी तिथंच.

"नील," ती म्हणाली, "एकतीस साली हे घर किती घसरलेलं असेल?"

"डोकं फिरलं का तुझं? एकतीस साली नवंकोरं होतं. तेव्हा कशाला घसरेल?"

"मग आईची पायघडी तेव्हाच कशी वळली?"

ग्लाफिरा फोनकडे धावली. चौऱ्याहत्तरच्या गुडघ्यांनी माणूस जेवढं धावतं, तेवढं.

"तिखोन झाखारोविच! कापलीत?"

"बाई कात्री घेऊनच उभ्या आहेत. खडूनं खुणा झाल्यात."

"कात्री खाली ठेवायला सांगा! एक धागा जरी कापलात तर माझ्या अकराच्या अकरा परत घेऊन जाईन. पायघडी शुक्रवारी इथं हवी, आमच्या पॅसेजमध्ये."

"अहो, काय बोलताय? शनिवारी उद्घाटन आहे. कॅटलॉग छापून आलाय. माझ्या संग्रहात आलेली वस्तू मी आजवर कुणाला परत दिलेली नाही."

"तुम्ही हाताच्या वस्तू जमवता ना? मग ही वस्तू काय काम करते ते एकदा डोळ्यांनी येऊन बघा. नुसतं भिंतीला टांगून जमवलंत काय, कपाळ?"

एवढ्या मोठ्या माणसाशी असं कुणी बोललं नसावं, त्याच्या आईनंतर तर नाहीच.

"शुक्रवारी किती वाजता?" त्यानं विचारलं.

शुक्रवारी दहाला समिती आली. अध्यक्षीण एक पिकल्या केसांची, काटक बाई, हातात वही, चेहऱ्यावर काही दिसू न देणारी. सोबत अव्देयेव, तरुण, चकाचक बूट, बगलेत नकाशाची नळी. तिखोन झाखारोविच आपल्या चार माणसांच्या खांद्यांवर गुंडाळी घेऊन हजर, आणि पॅसेजभर दारादारांत रहिवासी उभे. कोबी भरून भाजलेल्या पिरोगींचा वास सुटला होता. घर पाडायला आलेल्यालाही आपण उपाशी धाडत नाही.

अव्देयेवनं नकाशा भिंतीला धरला. "ही मूळ रेघ. सरळ. आणि ही आजची भिंत. वाद कशाला?"

"त्या रेघेचं मी सांगते," ग्लाफिरा म्हणाली. "माझी आई पाया खणायला होती, लहानपणी ती हे सांगायची; परवा दोरी ताणेपर्यंत मला ती नुसती गोष्टच वाटायची. मुकादमानं नकाशाबरहुकूम दोरी ताणली, तेवढ्यात घराचा आर्किटेक्ट आला. लेनिनग्राडहून आलेला पोरगा, कोट फाटका. त्यानं मधल्या खुंट्या उपटल्या आणि पुढं ठोकल्या. म्हणाला, एवढी लांब भिंत अगदी सरळ बांधली तर लांबून बघणाऱ्याला ती आत गेल्यासारखी दिसते, खपाटीला गेलेल्या पोटासारखी. हे कामगारांचं घर आहे, जरा छाती काढून उभं राहू दे."

"गोष्ट छान आहे, आजी," अव्देयेव म्हणाला. "पण समितीला कागद लागतो."

"कागद नाही. कापड आहे. अंथरा रे!"

नीलनं जिन्याच्या बाजूनं गुंडाळी सोडली. जुनी धूळ, जुने रंग, एकेक पट्टा उलगडत गेला आणि म्हातारी माणसं आपापल्या आयांचे परकर ओळखू लागली. लाल पट्ट्यापर्यंत पायघडी नीट गेली. तिथून मात्र ती वळली ती थेट उलट्या बाजूला, गावाकडच्या भिंतीकडे. मध्यापर्यंत तिची कड भिंतीला टेकली, आणि पुढचा सगळा पसारा भिंतीशी चुरगळून गोळा झाला.

अव्देयेव खुदकन हसला. "आजी, घर एकीकडे आणि पायघडी दुसरीकडे! विणणारीला धड जमलेलं नाही, एवढंच यावरून सिद्ध होतंय."

पंचावन्न वर्षांपूर्वी ग्लाफिरा स्वतः हेच बोलली होती, आणि तेव्हाही लोक असेच बघत होते. चुकलंच का आपलं? पुन्हा आईचंच हसं केलं का, आणि तेही तिच्या माघारी? ती दोन पावलं पुढं झाली, आणि घरातल्या सवयीनं सपाता काढून पायघडीवर पाय ठेवला.

तळव्याला काहीतरी टोचलं. तिनं दुसरं पाऊल टाकलं. पुन्हा टोचलं.

चिंधीला चिंधी जोडताना गाठ पडते. आई म्हणायची, गाठ नेहमी खाली, माणसाच्या पायाला कधी लागता कामा नये. हे या घरातलं शेंबडं पोरही पायानं ओळखायचं.

"गाठी वर आहेत!" ग्लाफिरा ओरडली. "अरे, उलटी अंथरलीय तुम्ही! सगळ्यांनी आपापल्या दारासमोर या. धरा तिला!"

एवढी लांब, एवढी जड वस्तू दोघाचौघांनी उलटी होणारी नव्हेच. पण चोवीस दारं होती. म्हाताऱ्या, सुना, कामावर न गेलेले बाप्ये, सगळे आपापल्या पट्ट्याशी वाकले. तिखोन झाखारोविचनं महागाचा कोट काढून खिडकीत टाकला आणि दुन्याच्या दारासमोर उभा राहिला, कारण तिथं माणूस कमी होता. समितीच्या अध्यक्षीणबाईंनी वही काखेत धरली आणि कोपऱ्याला हात घातला.

"एक, दोन... आणि उलटा!" नील क्रेनच्या आवाजात गरजला.

पायघडी हवेत उठली, फिरली आणि धप्पकन खाली पडली. तळघरातली सगळी धूळ सगळ्यांच्या नाकात गेली. लोक शिंकत होते, डोळे चोळत होते, आणि धूळ खाली बसली तसतसे एकेक करून खाली बघू लागले.

लाल पट्ट्यापर्यंत सरळ. तिथून भिंतीबरोबर वळलेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंना भिंतीपासून अर्धा मीटर जागा, कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही, एक सुरकुती नाही. पार शेवटी, खिडकीखालच्या उजेडात, लाल चिंध्यांत विणलेला आकडा आता सुलटा दिसत होता : १९३१. शेजारी फेव्रोन्याच्या नावाचं पहिलं अक्षर.

अध्यक्षीणबाई फूटपट्टी घेऊन दर दाराशी वाकल्या. चोवीस दारं होईपर्यंत कुणी हललं नाही. मग ग्लाफिरानं त्यांना कड उचलून दाखवली. तळ्याच्या बाजूला, दर हातभर अंतरावर, मध्येच थांबून परत फिरलेल्या अर्ध्या ओळी घातलेल्या होत्या, बाहेरची कड लांब होऊन पायघडी वळावी म्हणून. दुन्याच्या दारापर्यंत अशी एकही ओळ नव्हती. त्यानंतर शेवटापर्यंत होत्या.

"हात कापत असता तर एकदा कापला असता," ग्लाफिरा म्हणाली. "इतक्या वेळा, मोजून, एकाच बाजूला नाही कापत."

"काय हो इंजिनिअरसाहेब," नीलनं विचारलं, "घर गेल्या नव्वद वर्षांत घसरलं म्हणता. मग पायघडी काय एकतीस सालीच सोबत जायला तयार होऊन बसली होती?"

अव्देयेव नकाशा गुंडाळू लागला. कान लाल झाले होते, पण पोरगा अगदीच वाईट नव्हता. "मी नकाशावर विसंबलो," तो म्हणाला. "मोजमाप बरोबर होतं, अर्थ चुकला."

अध्यक्षीणबाईंनी उभ्या उभ्याच लिहिलं आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं : बाक मूळचा, बांधतानाचा, मुद्दाम केलेला. घसरल्याचा अहवाल अमान्य. घर जतन यादीत घ्यावं. आणि वही मिटता मिटता, "पायघडीसकट," असं त्या म्हणाल्या.

जो काही गलका झाला तो सांगण्यात अर्थ नाही. नील रडत होता आणि धूळ गेली म्हणून सांगत होता. पिरोगी संपल्या, मग लोणच्यातल्या आळंब्या आल्या, मग बाटली आली, मग अव्देयेवलाही बसवून घेतलं.

ग्लाफिरा तेवढ्यात एकटीच पॅसेजच्या टोकाला गेली आणि त्या आकड्याशेजारी जमिनीवर बसली. तिनं आयुष्यभर सरळ विणलं होतं, दोन-दोन मीटरचे तुकडे, कुठंही टाका. आणि फेव्रोन्यानं अठ्ठेचाळीस मीटर मागावर वळवले होते, नजरेनं, विशीत, शाळेचं तोंड न बघता. असं काम या गावात आधी कुणी केलं नव्हतं, पुढंही कुणी करू शकलं नाही, आणि ते करणारी बाई आपली आई होती, आणि आपण तिला सगळ्यांसमोर हसलो होतो.

"आई," तिनं त्या अक्षरावर तळवा ठेवून सांगितलं, "अंगण वाकडंच होतं गं. तू नाचलीस मात्र बरोब्बर."

तिखोन झाखारोविच हळूच शेजारी येऊन उभा राहिला. कोटाविना, केसांत धूळ.

"ही मी नेत नाही," तो म्हणाला. "हिची जागा इथंच आहे. पण माझा हॉल आता मोकळा पडला, ग्लाफिरा सावेल्येव्ना. एक सलग विणाल का? हॉलच्या लांबीएवढी? हॉल अगदी सरळ आहे, माप आजच पाठवतो."

ग्लाफिरानं डोळे पुसले आणि त्याच्या हाताला धरून उठली.

"माप नका पाठवू," ती म्हणाली. "सोमवारी मीच येते. आधी तुमच्या हॉलला विचारते."